सील अखंड

कुरुंदखेड ठाण्यातून आलेला प्रत्येक स्पर्श जुना होता.

प्रणिता टेकाळेने आधी संगणकाला दोष दिला, मग स्वतःच्या डोळ्यांना. विभागीय न्यायवैद्यक प्रयोगशाळेत ती वैज्ञानिक अधिकारी होती. स्पर्शकाल यंत्राची सरकारी मान्यता दर तीन वर्षांनी संपायची आणि नूतनीकरणासाठी नियामक मंडळाला अचूकतेचा आलेख पाठवावा लागायचा. ज्या नमुन्यांची खरी वेळ पुढे एखाद्या कॅमेऱ्यातून वगैरे नक्की कळली, तेवढेच नमुने आलेखात घ्यायचे. असे अडतीस निघाले. त्यातले बत्तीस ठिपके दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखे रेषेवर ओळीने बसले. सहा ठिपके रेषेच्या बरेच वर राहिले. म्हणजे यंत्राने ते स्पर्श होते त्यापेक्षा दोन-तीन दिवस जुने सांगितले होते.

सहाही कुरुंदखेडचे होते. आणि त्या काळात कुरुंदखेडच्या मुद्देमाल खोलीत कारकून म्हणून बसायचे ते हवालदार मुंजाजी टेकाळे, तिचे वडील, आप्पा.

"सहाच आहेत ना?" उपसंचालक खंडागळे सर तिच्या खांद्यावरून बघत म्हणाले. "नियमावलीत तरतूद आहे. अपवाद म्हणून गाळा आणि पुढे चला."

"सर, अपवाद विखुरलेले असतात. हे सगळे एकाच ठाण्याचे आहेत."

"मग त्या ठाण्याला एक पत्र लिहू. मान्यता आली की."

प्रणिता जागेवर येऊन बसली. यंत्राचं तत्त्व तिला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. आपण वस्तूला हात लावतो तेव्हा घामाबरोबर त्वचेच्या थोड्या पेशी मागे राहतात. त्यातला डीएनए हात कुणाचा ते सांगतो. तो टिकाऊ असतो. त्याच पेशींतला आरएनए मात्र फार नाजूक. पेशी शरीरापासून सुटली की त्याचे धागे तुटायला लागतात. लांब धागे आधी तुटतात, आखूड मागे उरतात. लांब किती आणि आखूड किती हे मोजलं की स्पर्श किती तासांपूर्वीचा ते कळतं. उरलेली उदबत्ती बघून ती केव्हा लावली ते सांगावं, तसंच हे. फक्त ही उदबत्ती उष्णतेने भराभर जळते. दर दहा अंशांना तिचा वेग तिप्पट होतो. म्हणून घटनास्थळाचं तापमान नोंदवून यंत्र हिशेब दुरुस्त करून घेतं, आणि बोळ्यावर नमुना टिपला की तो लगेच एका नळीत बुडवतात. नळीतलं द्रव हे तुटणं थांबवतं. घड्याळ तिथेच बंद पडतं.

पाच वर्षांपूर्वी कायद्यात दुरुस्ती होऊन यंत्राची वेळ न्यायालयात पुरावा म्हणून ग्राह्य झाली. सोबतच्या आदेशात लिहिलं होतं, नळी चाळीस अंशांच्या आत ठेवावी; त्यापुढे द्रव निकामी होतं आणि घड्याळ पुन्हा चालू लागतं. सगळ्यांनी त्याचा अर्थ उन्हात ठेवू नये असा घेतला आणि प्रत्येक ठाण्याला बर्फाची एकेक पेटी मिळाली. पोलिसांची जुनी नियमावली दुसऱ्या खात्याची. तिच्यात लिहिलं होतं, प्रत्येक नमुना डबीत घालून, कापडात गुंडाळून, दोरा बांधून लाखेने सील करावा. ती तशीच राहिली. दोन्ही कागद शेजारी ठेवून कुणी वाचले नव्हते. प्रणितानेही नाही.

तिने कुरुंदखेडचे सगळे अहवाल काढले. दोनशे अकरा. बहुतेक खटल्यांत वेळेला फारसं महत्त्व नव्हतं, हात कुणाचा एवढंच पुरे होतं. फक्त यंत्राने सांगितलेल्या वेळेच्या आधारावर शिक्षा झालेला माणूस एकच होता.

सुग्रीव मस्के.

सुग्रीव पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचा. बियाण्याच्या एका गोदामाच्या रखवालदाराला सोमवारी संध्याकाळी सातच्या सुमारास कुणीतरी डोक्यात लोखंड घालून मारलं. हत्यार सापडेना. गुरुवारी सकाळी दहाला मालकाने सुग्रीवला टाकीची मोटार बघायला बोलावलं. सुग्रीवचा पाईप-पाना घरी राहिला होता. टाकीमागे एक पडलेला दिसला, त्याने तोच वापरला आणि परत तिथेच ठेवला. दुपारी पोलिसांना तो पाना सापडला. धुतलेला होता, पण खाचेत रक्त होतं. "याला कुणी हात लावला?" असं विचारल्यावर सुग्रीवने आपण होऊन सांगितलं, मी लावला. महिन्यापूर्वी पाणी भरण्यावरून त्याची रखवालदाराशी बाचाबाची झाली होती. यंत्राने त्याचा स्पर्श सोमवार संध्याकाळचा सांगितला, मागेपुढे तीन तास. सोमवारी तो घरी होता असं बायको आणि आई सांगत होत्या. त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही.

त्या खटल्यात प्रणिताने साक्ष दिली होती. ती पिंजऱ्यातून उतरत असताना मागून सुग्रीवने विचारलं होतं, "मॅडम, मशीनला वार कळतो का?" कुणीतरी हसलं होतं. न्यायाधीशांनी आरोपीला गप्प केलं नाही, तेव्हा तिने वळून उत्तर दिलं होतं, "तासही कळतो." त्या उत्तराचा तिला घरी येईपर्यंत अभिमान वाटत होता.

जन्मठेपेला आता तीन वर्षं झाली होती.

तिने स्वतःची सही असलेलं छापील नमुना-पत्रक पडद्यावर मोठं केलं. ठाणे: कुरुंदखेड. सील अखंड: होय. नळी फुटलेली: नाही. द्रवाची पातळी: योग्य. एवढेच रकाने होते. आणि तिला ती नळी आठवली. चांगली आठवली. द्रव पाण्यासारखं स्वच्छ असायला हवं होतं, त्याला फिकट पिवळी झाक होती, हळदीचा हात धुतलेल्या पाण्यासारखी. ती क्षणभर थांबली होती. मग डबीवरचं सील बघितलं होतं. काठ रेखीव, अक्षरन् अक्षर उठलेलं. हे आप्पांचं काम, हे तिने शिक्का वाचायच्या आधी ओळखलं होतं. आणि नळी यंत्रात घातली होती. यंत्र नमुना पूर्ण वापरून टाकतं. मागे काही उरत नाही.

*

रविवारी ती कुरुंदखेडला घरी गेली. ओसरीत लोणच्याच्या तीन बरण्या होत्या आणि तिन्हींच्या झाकणांवर लाख होती.

"बघ," आई म्हणाली, "निवृत्त झाले तरी यांचं हेच. मी म्हटलं, लोणचं कोर्टात न्यायचंय का?"

"बुरशी लागली का एकदा तरी?" आप्पा आतून म्हणाले.

"बुरशी काय, आम्हालाच उघडता येईना. शेजारणीने हातोडी आणली."

प्रणिता हसली आणि पर्समधून एक ॲल्युमिनियमची डबी काढली. "आप्पा, नव्या भरतीच्या पोरांना शिकवायचंय. तुम्ही सील कसं करायचात ते एकदा करून दाखवा ना. अगदी तसंच."

डबीत शर्टाच्या बटणाएवढं तापमापक होतं. हे तिने सांगितलं नाही. वडिलांशी आपण एवढं खोटं कधी बोललो होतो, हे तिला आठवेना.

आप्पा खुलले. विजेची शेगडी आली, लाखेचे तुकडे पातेल्यात पडले. पातेल्यावर त्यांनी स्टीलची ताटली ठेवली, आणि त्या ताटलीवर कापडात बांधलेली डबी.

"हे कशाला?"

"ओल्या कापडाला लाख धरत नाही, बाई. पावसाळ्यात तर नाहीच. वरून बसल्यासारखी वाटते आणि टपालात तडकते. म्हणून आधी डबी शेकून घ्यायची. गरमाला गरम चिकटतं."

"किती वेळ?"

"लाख नीट मुरेपर्यंत. पाऊण तास धर."

"सगळे असंच करतात?"

"सगळे?" आप्पांनी तोंड वाकडं केलं. "सगळे मेणबत्तीवर दोन थेंब पाडतात आणि शिक्का आपटतात. ते काय सील झालं? ते कपाळाला टिकली लावल्यासारखं."

त्यांच्या या चिकाटीचं कारण घरात सगळ्यांना माहीत होतं. प्रणिता शाळेत असताना विषबाधेच्या एका खटल्यात आप्पांनी बांधलेल्या पुडक्याचं सील तडकलेलं निघालं. बचावाच्या वकिलाने ती भेग न्यायाधीशांना भिंगातून दाखवली. निकालपत्रात 'हवालदार टेकाळे यांचा हलगर्जीपणा' असे शब्द आले आणि आरोपी सुटला. तो माणूस पुढे वर्षभर ठाण्यासमोरच्या हॉटेलात चहा प्यायला यायचा आणि आप्पांना नमस्कार करायचा. त्यानंतर आप्पांचं एकही सील फुटलं नाही.

पाच जागी लाख ओतून झाली. शिक्का सरकारजमा झालेला, म्हणून आप्पांनी रुपयाचं नाणं दाबलं. डबी निवल्यावर प्रणिताने ती खिडकीशी नेऊन उघडली आणि तापमापक मोबाइलला जोडलं. पंचेचाळीस मिनिटं, सत्तर अंशांच्या आसपास. घटनास्थळाच्या नोंदीत तीस अंश होते. तीस ते सत्तर म्हणजे दहाचे चार टप्पे. तिप्पटीच्या तिप्पट, असं चारदा: एक्याऐंशी पट. पाऊण तासात एकसष्ट तास.

गुरुवारी सकाळी दहातून सोमवार संध्याकाळचे सात गेले की त्रेसष्ट उरतात.

"काय बघतेस?" आप्पा मागे उभे होते. "पोरांना जमेल का?"

तिने सगळं सांगितलं. उदबत्ती सांगितली, तापलं की पिवळं होणारं द्रव सांगितलं, सुग्रीवचा गुरुवार सांगितला. फक्त आपल्या हातातली ती नळी पिवळी होती, एवढं राहिलं.

आप्पा बराच वेळ नाण्याला चिकटलेली लाख नखाने काढत होते.

"माझं एकही सील फुटलं नाही," ते म्हणाले.

"तेच तर झालं, आप्पा."

"दोन थेंबवाल्यांचे नमुने बरोबर आले?"

"हो."

आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. आप्पा उठले, शेगडीचं बटण बंद केलं. "कुठे सांगावं लागेल ते सांग," ते म्हणाले. "मी येतो."

*

सुग्रीवचं अपील उच्च न्यायालयात पडून होतं. त्याच्या वकील ॲडव्होकेट मुक्ता सोळंके यांना प्रणिताचं पत्र मिळालं आणि दोन महिन्यांत आदेश आला: सत्र न्यायालयाने जादा पुरावा नोंदवून पाठवावा. प्रणिताचं प्रतिज्ञापत्र खंडागळे सरांनी स्वतः तपासलं.

"तापमान ठीक. सहा ठिपके ठीक," ते म्हणाले. "बाकी जे नोंदीत आहे तेवढंच. रकान्याबाहेरचं एक अक्षर लिहिलंत की वकील तुम्हाला सोलून काढतील. मग दोनशे अकराच नाही, तुम्ही सही केलेला प्रत्येक अहवाल उघडावा लागेल. तुरुंगातून कोण कोण बाहेर येईल, विचार केलाय?"

तिने केला होता. पिवळ्या रंगाचं वाक्य तिने दोनदा लिहिलं आणि दोनदा खोडलं.

सुनावणीच्या दिवशी आप्पा इस्त्रीचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून आले. व्हरांड्यात सरकारी वकील आपण होऊन त्यांच्याशी बोलायला थांबले. "काका, आता हात पूर्वीसारखा चालत नसेल. जमेल तेवढंच करा. भराभर उरका, कोर्टाचा वेळ जातो."

प्रणिताला वाटलं, आप्पांना कळलं. मेणबत्ती मागितली, दोन थेंब पाडले आणि शिक्का आपटला, की डबी तापणार नाही. तिची सही वाचेल, त्यांचं नाव वाचेल आणि सुग्रीव जिथे आहे तिथेच राहील.

आप्पांनी पिंजऱ्याशेजारच्या टेबलावर शेगडी मांडली. "साहेब, पंखा बंद करावा लागेल. आणि कापड ओलसर पाहिजे. जुलै महिना होता."

न्यायाधीशांनी मान हलवली. शिपायाने कापडावर पाणी शिंपडलं. जिथे एकेका प्रकरणाला चार मिनिटं मिळत नाहीत, तिथे पुढचा पाऊण तास सगळे एका डबीकडे बघत बसले. भिंतीवरच्या पडद्यावर आतलं तापमान चढत होतं. चाळीस, त्रेपन्न, एकसष्ट. आप्पांनी मध्ये एकदा डबी उलटी केली, दुसरी बाजूही नीट शेकली जावी म्हणून. लाख ओतताना त्यांचा हात जराही हलला नाही. बोटावर एक थेंब पडला, तोही त्यांनी लगेच पुसला नाही. आधी शिक्का पूर्ण दाबून धरला. पडद्यावर एकोणसत्तर होतं.

आरोपीच्या बाकावर सुग्रीव पुढे झुकून बघत होता. तीन वर्षांत त्याचे केस मागे हटले होते. आई गेली तेव्हा त्याला चार दिवस सोडलं होतं, तेही दहावं-तेरावं उलटून गेल्यावर.

मग प्रणिता पिंजऱ्यात उभी राहिली. सरकारी वकील सौम्यपणे म्हणाले, "मॅडम, डबी तापू शकते हे सगळ्यांनी पाहिलं. माझा प्रश्न वेगळा आहे. त्या दिवशी, तीच डबी तापली होती, असं तुमच्या नोंदीत कुठे आहे?"

"नोंदीत नाही."

"हवालदार घाईत असतील. वीज गेली असेल. त्या दिवशी त्यांनी दोन थेंबांतच काम उरकलं असेल. शक्य आहे?"

"शक्य आहे."

"धन्यवाद." ते बसले. न्यायाधीशांनी जेवणाची सुट्टी जाहीर केली. मुक्ता सोळंके कागद आवरताना कुणाकडेच बघत नव्हत्या.

व्हरांड्यातल्या बाकावर सुग्रीव दोन शिपायांमध्ये बसला होता. त्यातला थोरला आप्पांना बघून उठला. "टेकाळे मामा, बसा." त्याने चहाचा कप पुढे केला. आप्पा बसले, सुग्रीवच्या शेजारीच, कारण जागा तेवढीच होती. प्रणिता खांबाला टेकून उभी राहिली.

सुग्रीव आप्पांच्या हाताकडे बघत होता.

"बोट भाजलं ना?" सुग्रीव म्हणाला.

"लागलं थोडं."

"हवालदार, एक विचारू? राग मानू नका." त्याचा आवाज कामाचं विचारावं तसा होता. "मोटार बिघडली की मी पान्याला हात घालायच्या आधी तिच्यावर हात ठेवून बघायचो. गरम आहे का थंड. तुम्ही त्या डबीला कधी हात लावून बघितला नव्हता?"

"लावला होता," आप्पा म्हणाले. "रोजच लावायचो. चांगली गरम लागायची, म्हणून बरं वाटायचं."

सुग्रीवने मान डोलावली. ते उत्तर त्याला पटलेलं दिसलं. मग त्याने सहज प्रणिताकडे बघितलं, गप्पांतल्या तिसऱ्या माणसाकडे बघावं तसं.

"आणि तुमच्याकडे आली तेव्हा? तुम्हाला काहीच नाही दिसलं?"

बोलायचं की नाही हे ती ठरवत होती, तोवर तिच्या तोंडून निघून गेलं. "दिसलं होतं. द्रव पिवळं झालं होतं."

दुसऱ्या शिपायाने चहाचा घोट घेता घेता कप खाली धरला.

"मग लिहिलं नाही?"

"रकाना नव्हता."

ते वाक्य तिने आजवर मनात कितीतरी वेळा म्हटलं होतं. तिथे ते बरं वाटायचं. सुग्रीव तिच्याकडे बघत राहिला. त्याला राग आला नव्हता. मोठी मोटार उघडावी आणि आत नखाएवढा दगड अडकलेला निघावा, तसा त्याचा चेहरा झाला होता.

"घरी सांगितलंस तेव्हा हे नाही बोललीस," आप्पा हळू आवाजात म्हणाले.

"डबी तुमच्या हातची होती, आप्पा. तुमच्या डबीत काही बिघडलेलं असेल, असं मनातच आलं नाही."

आप्पांनी कप बाकावर ठेवला. भाजलेलं बोट दुसऱ्या मुठीत धरलं. "आता आलंय ना मनात," ते म्हणाले. "जा मग. साहेब अडीचला बसतात."

*

अडीच वाजता प्रणिता न विचारता पिंजऱ्यात जाऊन उभी राहिली. सरकारी वकील अर्धवट उठले.

"तुमची साक्ष संपली आहे," न्यायाधीश म्हणाले.

"साहेब, एक सांगायचं राहिलंय. त्या दिवशीची ती नळी मी पाहिली होती. तिचा रंग बदललेला होता. तो रंग नळी तापल्याशिवाय येत नाही. मला तो दिसला आणि मी तशीच ती यंत्रात घातली."

मुक्ता सोळंके ताडकन उभ्या राहिल्या. खंडागळे सर शेवटच्या रांगेत होते. त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. "याचे तुमच्यावर काय परिणाम होतील, माहीत आहे?"

"हो."

"लिहून घ्या."

टंकलेखिकेने बोटं कळफलकावर ठेवली आणि अडखळली. साक्षीचा कागद ठरलेल्या छापाचा होता: डावीकडे प्रश्न, उजवीकडे उत्तर. तिने मान वर केली.

"मॅडम, हे कुठल्या प्रश्नाचं उत्तर म्हणून लिहू?"

प्रणिताने आरोपीच्या बाकाकडे बघितलं. सुग्रीव हात मांडीवर ठेवून बसला होता. त्याने या वेळी काही विचारलं नाही.

"तीन वर्षांपूर्वी आरोपीने मला एक प्रश्न विचारला होता," ती म्हणाली. "मशीनला वार कळतो का. त्याचं."